लाइव्ह ऐकण्याजोगे नवे इंडी आणि पोस्ट-पंक बँड कसे शोधायचे: पुणेकरांसाठी टप्प्याटप्प्याने

एखादं गाणं आवडतं, त्याच बँडच्या गिगचं (लाइव्ह कार्यक्रमाचं) पोस्टर दिसतं, लगेच तिकीट काढलं जातं आणि प्रत्यक्षात बँड अगदीच कच्चा निघतो. नाहीतर रात्री साडेनऊला निवांत पोचल्यावर कळतं, की ज्याच्यासाठी यायला हवं होतं तो बँड आठलाच वाजवून गेला. दोन्ही वेळा चूक एकच असते: शोधायचं कुठे, पारखायचं कधी आणि तिकीट कधी काढायचं, हा क्रम उलटा होतो. रेकॉर्डिंगवरून गाणं कळतं, बँड कळत नाही. म्हणून शोध रेकॉर्डिंगवर करावा, पण निर्णय लाइव्ह पुराव्यावर घ्यावा. खालचे टप्पे याच क्रमाने करा.

टप्पा १: आधी कान तयार करा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग प्रत्येक नवा बँड 'बरा आहे' एवढंच म्हणत राहतात. पोस्ट-पंकमध्ये, म्हणजे पंक रॉकमधून पुढे निघालेल्या शैलीत, काय ऐकायचं हे ठाऊक नसेल, तर चांगलं-वाईट ठरणार कशावर?

चार बँड घ्या. जुन्यांपैकी जॉय डिव्हिजन आणि गँग ऑफ फोर, नव्यांपैकी डब्लिनचा फॉन्टेन्स डी.सी. आणि लंडनचा ड्राय क्लीनिंग. प्रत्येकाचं कोणतंही एक गाणं सलग तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त बास, दुसऱ्यांदा फक्त ड्रम, तिसऱ्यांदा गिटार आणि आवाज. हेडफोनवर ऐका, फोनच्या स्पीकरवर बास जवळजवळ नसतोच.

तीन गोष्टी लक्षात येतील. एक, चाल बऱ्याचदा बास पुढे नेतो आणि गिटार मध्ये मध्ये धारदार तुकडे टाकते. दोन, ड्रम कोरडे आणि नेमके असतात, लय सैल पडली की सगळं कोसळतं. तीन, गाणारा अनेकदा गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळ असतो, त्यामुळे शब्द ऐकू येणं आणि म्हणण्यातला ठाम भाव याला सुरेलपणाइतकंच महत्त्व येतं. लाइव्ह पारखताना हेच तीन निकष वापरायचे आहेत.

इंडी (मोठ्या कंपन्यांबाहेर, स्वतंत्रपणे केलेलं संगीत) हा शब्द मात्र फार ढिला आहे. पुण्याचा ईझी वॉन्डरलिंग्ज, चेन्नईचा द एफसिक्स्टीन्स, दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी हे तिन्ही इंडीच, पण एकमेकांसारखे मुळीच नाहीत. 'मला इंडी आवडतं' एवढ्यावर थांबू नका. आवाजांचे थर आवडतात, की शब्द, की नाचायला लावणारी लय, हे एका वाक्यात लिहून ठेवा. पुढचा अर्धा शोध त्या वाक्यावर चालतो.

टप्पा २: एक तक्ता उघडा

वही चालेल, गूगल शीट जास्त सोयीची. सहा रकाने पुरेत: बँड, शहर, कुठून सापडला, लाइव्ह क्लिपची लिंक, पुढची तारीख, आणि स्थिती. स्थितीचे तीनच पर्याय ठेवा: ऐकायचा, तपासला, जायचं.

'कुठून सापडला' हा रकाना निरुपयोगी वाटतो, पण खरी कमाई तोच करून देतो. दोन-तीन महिन्यांत दिसू लागतं, की चांगले बँड एखाद्या ठरावीक लेबलकडून (गाणी प्रकाशित करणाऱ्या कंपनीकडून) किंवा एखाद्या श्रोत्याच्या संग्रहातून येतायत आणि ऑटोमॅटिक प्लेलिस्टमधून आलेले बहुतेक गळतायत. मग वेळ कुठे घालायचा ते आपोआप ठरतं.

सावधान: 'ऐकायचा' या स्थितीत पंधरापेक्षा जास्त नावं साठू देऊ नका. ढीग झाला की माणूस ऐकणं सोडून नुसती नावं गोळा करत बसतो.

टप्पा ३: शोध

स्ट्रीमिंग अ‍ॅपच्या शिफारशींपासून सुरुवात करू नका. 'याच्या श्रोत्यांना हेही आवडतं' ही यादी श्रोत्यांच्या ऐकण्यातल्या साम्यावरून बनते. ज्याचे श्रोतेच मोजके आहेत अशा नव्या बँडबद्दल तिथे पुरेशी माहिती नसते, म्हणून अ‍ॅप पुन्हा पुन्हा मोठ्या नावांकडेच नेतं. मंथली लिसनर्सच्या आकड्यावरही जाऊ नका. स्पॉटिफायवर तो २८ दिवसांतल्या वेगवेगळ्या श्रोत्यांचा आकडा असतो. एका मोठ्या प्लेलिस्टमध्ये गाणं लागलं की फुगतो, काढलं की बसतो. गिगला किती माणसं येतील किंवा बँड कसा वाजवेल, यातलं काहीच तो सांगत नाही.

*बँडकॅम्प.* बँड स्वतःचं संगीत थेट श्रोत्यांना विकतात ती ही साइट. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. शोधण्याचे चार मार्ग आहेत आणि चारही करून पाहायला हवेत.

पहिला, शैलीचा टॅग. भारतातले फार थोडे बँड स्वतःला पोस्ट-पंक म्हणवतात, म्हणून फक्त तोच टॅग टाकला तर हाती फारसं लागत नाही. शूगेझ, नॉइज रॉक, आर्ट पंक, डार्कवेव्ह, ड्रीम पॉप, अल्टरनेटिव्ह हे शेजारचे टॅगही तपासा आणि यादी लोकप्रियतेऐवजी नव्या प्रकाशनांनुसार लावा.

दुसरा, शहर. बँड आपलं ठिकाण स्वतः लिहितात. पुणे शोधून झालं की मुंबई, बंगळुरू आणि नुसतं 'इंडिया' हेही शोधा. पिंपरी-चिंचवडचा बँड पुणे लिहील आणि पुण्यात शिकणारी मुलं आपल्या गावाचं नाव लिहितील.

तिसरा, खरेदीदार. अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रं दिसतात. एकावर टिचकी मारली की त्याचा संग्रह उघडतो. तुमच्या तक्त्यातले दोन-तीन बँड ज्याच्या संग्रहात आहेत असा माणूस मिळाला, की त्याला फॉलो करा. त्याने पैसे मोजून घेतलेला अनोळखी बँड कोणत्याही प्लेलिस्टपेक्षा भरवशाचा असतो.

चौथा, श्रेय. पानाच्या तळाशी रेकॉर्डिंग, मिक्सिंग, मास्टरिंग कोणी केलं आणि पाहुणा ड्रमर कोण, हे अनेकदा लिहिलेलं असतं. आपल्याकडे एकच ड्रमर किंवा बासिस्ट दोन-तीन बँडमध्ये वाजवतो, हे अगदी सर्रास चालतं. आवडलेल्या बँडच्या ड्रमरचं नाव शोधलंत, की त्याचे बाकीचे बँड सापडतात.

*लेबल.* छोटं लेबल म्हणजे कुणाची तरी आवड असते. लंडनच्या स्पीडी वंडरग्राउंडचं उदाहरण घ्या: ब्लॅक मिडी, स्क्विड आणि ब्लॅक कंट्री, न्यू रोड या तिघांची सुरुवातीची सिंगल्स याच एका लेबलने काढली. लेबलवर एक बँड आवडला तर त्याची शेवटची दहा प्रकाशनं ऐकून टाका.

*फेस्टिव्हलचं पोस्टर, खालून वर.* पुण्यात २०१० साली सुरू झालेला एनएच७ वीकेंडर, अरुणाचलातला झिरो, मुंबईतला लोलापलूझा इंडिया यांच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या लाइनअप शोधा आणि सगळ्यात बारीक अक्षरातली नावं आधी घ्या. या नावांना कुणीतरी लाइव्ह ऐकून निवडलेलं असतं, ही एक चाळणी फुकट मिळते. फेस्टिव्हलला जायला हवं असं काही नाही. हेच बँड पुढेमागे शंभर-दीडशे माणसांच्या जागेत वाजवतात आणि तिथे ते कितीतरी जास्त चांगले कळतात.

*पुण्यातली वर्तुळं.* कोरेगाव पार्कमधलं हाय स्पिरिट्स, सोफार साउंड्सचे छोटे कार्यक्रम, कॉलेजांचे फेस्टिव्हल, सरावाच्या जॅम रूम. जॅम रूमची इन्स्टाग्राम पानं आवर्जून पाहा. बँड स्टेजवर यायच्या काही महिने आधी तिथे दिसू लागतात. फिरोदिया करंडकात नाटकासोबत लाइव्ह संगीत वाजतं. तिथे एखादा गिटारवाला लक्षात राहिला तर तो आणखी कुठे वाजवतो ते विचारा.

सावधान: पबच्या दारावर 'लाइव्ह म्युझिक' लिहिलंय म्हणजे नवा बँड, असं समजू नका. बहुतेक वेळा ते कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी वाजवणारे असतात. त्यात वाईट काही नाही, पण तुमचा शोध वेगळा आहे. पोस्टरवर 'ओरिजिनल्स' हा शब्द आहे का पाहा. नसेल तर पबला मेसेज करून विचारा: बँड स्वतःची गाणी वाजवणार आहे का, आणि किती वेळ?

टप्पा ४: पारख

इथे घाई झाली की पैसे आणि रात्र दोन्ही जातात. एका बँडला अर्धा तास द्या. क्रम बदलू नका.

१. तीन गाणी पूर्ण ऐका: सर्वांत जास्त ऐकलं गेलेलं, सर्वांत नवं आणि सर्वांत लांब. पहिलं त्यांना लोक का ओळखतात ते सांगतं, दुसरं ते आता कुठे आहेत, आणि तिसऱ्यात कल्पना पुरते की संपते ते कळतं. तिन्हींत एकच युक्ती वापरली असेल तर ४० मिनिटांचा सेट कंटाळवाणा होणार.

२. मग स्टुडिओ सेशनचा व्हिडिओ पाहा. सिअ‍ॅटलच्या केईएक्सपीसारख्या रेडिओ स्टेशनची सेशन उत्तम असतात, आपल्याकडचे बँडही घरगुती सेशन टाकतात. यातून बास आणि गिटारचा खरा आवाज कळतो. पण हे मिक्स करून (सगळ्या आवाजांचा तोल बसवून), कधी कधी अनेकदा वाजवून केलेलं असतं. एवढ्यावर 'जायचं' लिहू नका.

३. शेवटी प्रेक्षकांनी फोनवर घेतलेली क्लिप. यूट्यूबवर बँडच्या नावापुढे 'लाइव्ह' आणि जागेचं नाव टाका, आणि अलीकडचे व्हिडिओ आधी पाहा. इन्स्टाग्रामवर बँडच्या पानावरचा 'टॅग केलेले' हा भाग उघडा. बँड स्वतः टाकतो ते निवडक असतं. इतरांनी टॅग केलेलं निवडक नसतं.

फोनच्या क्लिपमध्ये काय पाहायचं हेही ठरलेलं असू द्या. लय धावते की स्थिर राहते? एक भाग संपून दुसरा सुरू होताना सगळे एकत्र वळतात का? दोन गाण्यांच्या मध्ये दोन-दोन मिनिटं ट्यूनिंग चालतं का? सेटच्या शेवटच्या गाण्यात आवाज टिकलाय का? पुढच्या रांगेतली माणसं स्टेजकडे पाहतायत की आपापसात बोलतायत?

जे पाहायचं नाही तेही सांगायला हवं. फोनच्या क्लिपवरून बास पारखू नका. फोनचा माइक खालचे स्वर नीट पकडत नाही आणि आवाज वाढला की आपोआप दाबतो, त्यामुळे उत्तम बासही पत्र्यासारखा ऐकू येतो. पोस्ट-पंकमध्ये अर्धा जीव बासमध्ये असतो, आणि केवळ या एका कारणाने चांगले बँड यादीतून खोडले जातात.

तपासणी: गेल्या वर्षभरातल्या, दोन वेगवेगळ्या गिगच्या क्लिप मिळाल्या? लय दोन्हींत टिकली? तर 'जायचं'. एकही क्लिप नसेल तर बँड फार नवा आहे. त्याला 'तपासला' मध्ये ठेवा आणि तो कुणाच्या तरी आधी वाजवणार असेल तेव्हाच ऐका, निव्वळ त्याच्यासाठी शहराबाहेर जाऊ नका.

टप्पा ५: तिकिटाआधी चार प्रश्न

तारखा एका ठिकाणी मिळत नाहीत. डिस्ट्रिक्ट, बुकमायशो आणि स्किलबॉक्स या तिन्ही तिकीट अ‍ॅपवर पाहा, शिवाय बँड आणि जागा या दोघांना इन्स्टाग्रामवर फॉलो करा. लहान गिग कधी कधी तिथेच आणि आठवडाभर आधीच जाहीर होतात.

पहिला बँड स्टेजवर किती वाजता येतो? पोस्टरवरची वेळ बहुधा दार उघडण्याची असते. हे जागेलाच विचारा. उघड्यावरच्या गिगला रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात, म्हणून तिथे सगळंच लवकर सुरू होतं आणि उशिरा येणाऱ्याचा निम्मा कार्यक्रम हुकतो.

वयाची अट काय? महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि इतर दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे अनेक पब संध्याकाळनंतर २१च्या आतल्यांना आत घेत नाहीत, मग तुम्ही फक्त लिंबू सरबत पिणार असलात तरी. कॉलेजच्या मुलांनी तिकीट काढण्याआधीच विचारावं आणि ओळखपत्र सोबत ठेवावं.

तिकीट आहे की कव्हर चार्ज (जागेचं प्रवेशशुल्क)? कव्हर चार्ज खाण्यापिण्यात वळता होत असेल तर तो जागेचा धंदा आहे, त्यातलं बँडला काही मिळेलच असं नाही. बँडला आधार द्यायचा असेल तर वेगळे पैसे बाजूला ठेवा.

परत कसं यायचं? वनाझ-रामवाडी मेट्रोवर कोरेगाव पार्कसाठी बंड गार्डन आणि पलीकडे कल्याणीनगर ही स्टेशनं सोयीची आहेत. जाताना मेट्रो उत्तम, पण शेवटच्या गाडीची वेळ आधी पाहून घ्या. मुंबईच्या गिगला जात असाल तर रात्रीची शिवनेरी किंवा मुक्काम यांपैकी एक काहीतरी तिकिटासोबतच ठरवा. शेवटची तीन गाणी सोडून स्टेशनकडे धावण्यात काही अर्थ नाही.

टप्पा ६: गिगच्या रात्री

पहिल्या बँडच्या पंधरा मिनिटं आधी आत असा. सवाईला सत्राच्या सुरुवातीच्या तरुण गायकासाठी वेळेवर येऊन बसणारे श्रोते असतात ना, तसंच. उद्याचा बँड आज पहिला वाजवतो, हे इतकं सरळ आहे आणि तरी सर्वांत जास्त चुकतं तेही हेच.

उभं कुठे राहायचं? साउंडवाल्याच्या टेबलाजवळ, त्याच्या थोडं पुढे. मिक्स तिथे बसून केलेलं असतं. अगदी स्टेजला चिकटून उभं राहिलात तर अ‍ॅम्प आणि ड्रम थेट अंगावर येतात आणि गाणाऱ्याचा आवाज मुख्य स्पीकरमधून तुमच्या बाजूने पुढे निघून जातो. भिंतीच्या कोपऱ्यात बास साठतो आणि सगळं घुमतं.

पहिल्या गाण्यावर मत बनवू नका. साउंडचेक सहसा उलट्या क्रमाने होतो: मुख्य बँड आधी, सुरुवातीचा बँड शेवटी. मुख्य बँडला उशीर झाला की कात्री पहिल्याच्या वेळेला लागते, आणि त्यांचा मिक्स पहिल्या दोन गाण्यांत, प्रेक्षकांसमोरच बसवला जातो. दोष कुणाचा, हे ओळखायला शिका. आवाज ऐकू येत नाही, शिट्टी वाजते, गिटार अचानक गायब होते: हे बहुधा साउंडचं. लय घसरते, बदल चुकतात, गिटार बेसूर आहे आणि कुणाच्या लक्षातही येत नाही: हे बँडचं. तिसऱ्या गाण्यापासून पारखायला लागा.

सावधान: कान. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं, आणि छोट्या बंद जागेतला गिग तिथपर्यंत सहज जातो. इअरप्लग नेहमी जवळ ठेवा. फोमचे वरचे स्वर जास्त कापतात, त्यामुळे शब्द बुडतात. संगीतासाठी बनवलेले सगळे स्वर साधारण सारखे कमी करतात, ते घ्या आणि पहिल्या गाण्याआधी घाला. कान वाजायला लागल्यावर घालून फायदा नाही.

शूटिंग एका गाण्यापुरतं, तीस सेकंदांचं. बँडला टॅग करून टाका. टप्पा ४ मध्ये तुम्ही ज्या क्लिप शोधत होतात, त्या अशाच तयार होतात.

टप्पा ७: दुसऱ्या दिवशीच्या आत

सेट संपल्यावर सामान आवरायला बँडला दहा मिनिटं द्या, मग बोला. 'भारी वाजवलंत' याच्या पुढे एक नेमका प्रश्न विचारा: सध्या शहरातला कोणता बँड तुम्ही स्वतः ऐकायला जाता? वाजवणारे एकमेकांना सरावाच्या खोलीपासून ओळखतात. या एका प्रश्नातून आलेलं नाव थेट तक्त्यात टाका.

टी-शर्ट, कॅसेट, जे काही असेल ते तिथेच घ्या, यूपीआय चालतं. स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षाला १,००० पेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला रॉयल्टीच मिळत नाही, म्हणजे नव्या बँडला तुमच्या स्ट्रीमिंगचा आर्थिक उपयोग जवळजवळ शून्य. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतून १५ टक्के घेतं, आणि बँडकॅम्प फ्रायडे जाहीर होतो त्या दिवशी आपला वाटा सोडतं. तिथे पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का पाहा. बहुतेकदा अडचण तेवढीच असते.

झोपण्याआधी तक्त्यात तीन ओळी: कोणतं गाणं डोक्यात राहिलं, काय जमलं नाही, पुन्हा जायचं का. दोन दिवसांनी लिहिलंत तर फक्त वातावरण आठवतं, वाजवणं आठवत नाही.

आणि ज्याच्यापुढे 'पुन्हा' लिहिलंय त्याला तीन-चार महिन्यांनी खरंच पुन्हा ऐका. नवं गाणं आलंय का, जुन्या गाण्याचा शेवट बदललाय का, ड्रमर बदलल्यावर लय टिकलीय का, एवढं पाहा. दुसऱ्यांदा चांगला वाटलेला बँड मित्रांना सांगा, पुढच्या वेळी चौघांना घेऊन जा, आणि पहिल्या बँडच्या वेळेलाच घेऊन जा.